ताप उतरतो तेव्हा: डेंग्यूचे २२८ तास

डेंग्यूचा रुग्ण ताप चढलेला असताना सहसा दगावत नाही. खरा धोका असतो ताप उतरताना. डॉक्टरांना हे पाठ असतं. घरच्यांना मात्र ताप उतरला की हायसं वाटतं, आणि नेमके तेच तास हातचे जातात. त्या तासांत रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होत असतो. मग रुग्ण का खालावतो? या प्रश्नाने वैद्यकशास्त्राला कित्येक दशकं छळलं आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत उत्तराचा एक महत्त्वाचा धागा हाती लागला: आपल्याच पेशींतून सुटणाऱ्या पुटिका. पेशी थोडी प्रथिनं, थोडा आरएनए पटलात गुंडाळते आणि बाहेर सोडून देते. यातल्या लहान पुटिकांना एक्सोसोम म्हणतात, आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. मोठ्या त्या मायक्रोव्हेसिकल, हजार नॅनोमीटरपर्यंतच्या. निरोगी शरीरातही ही देवाणघेवाण अहोरात्र चालू असते. विषाणू आला की तीच वाट त्याच्या कामी येते.

खालचा घटनाक्रम कुणा एका रुग्णाचा नाही. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या मुलांमध्ये गंभीर आजार ज्या चालीने जातो, ती चाल तेरा वर्षांच्या, चाळीस किलो वजनाच्या एका मुलीवर बसवून दाखवली आहे. तिचे रिपोर्टही त्याच चालीला धरून मांडलेले आहेत. संशोधनाचे हवाले मात्र प्रत्यक्षातले. स्थळ पुण्यातली एक सोसायटी, महिना ऑक्टोबर. शून्य तास म्हणजे शॉक.

उणे २२८ तास. बुधवार, संध्याकाळी ५

मुलगी बॅडमिंटनला निघाली आहे. दारात बसून बुटाच्या नाड्या बांधताना घोट्याच्या मागे डास चावतो. ती खाजवते आणि जिना उतरते.

ही एडिस इजिप्तीची मादी. दिवसा चावणारी, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी जास्त. तिचा जन्म खालच्या मजल्यावरच्या कुंडीच्या ताटलीतला. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगते. ही ताटली गणपतीपासून कुणी ओतलेली नाही. दहा-बारा दिवसांपूर्वी या मादीने ताप आलेल्या कुणाचं तरी रक्त प्यायलं. विषाणूला तिच्या आतड्यातून लाळग्रंथींपर्यंत पोचायला तेवढे दिवस लागतात.

लाळेतून विषाणू कातडीत उतरतात, पण ते एकटे येत नाहीत. अमेरिकेतल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठात हमीदा सुल्ताना आणि गिरीश नीलकांत यांच्या गटाने २०१८ साली दाखवलं की डासाच्या पेशींतून सुटणाऱ्या पुटिकांमध्ये डेंग्यूचा आरएनए आणि प्रथिनं असतात, आणि त्या पुटिका माणसाच्या त्वचेच्या पेशींना लागण करू शकतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्युलियन पॉम्पाँ यांच्या गटाला डासाच्या थेट लाळेतच अशा पुटिका सापडल्या. त्यांच्यात विषाणूच्या आरएनएचा एक छोटा तुकडा होता, ज्याचं काम आपल्या पेशींची इंटरफेरॉनची हाकाटी दाबून टाकणं. म्हणजे विषाणू पेशीत शिरण्याच्या सुमारासच पहारा ढिला करायची सोय लाळेतून येते. हे मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत अस्वस्थ करणारं निरीक्षण वाटतं. चावा इतका क्षुल्लक, आणि त्यातली तयारी इतकी पूर्ण.

उणे २०४ तास. गुरुवार, संध्याकाळी ५

चोवीस तास झाले. कातडीतल्या पहारेकरी पेशींत शिरलेल्या विषाणूंची पहिली पिढी बाहेर पडते आहे. मुलीला काही जाणवत नाही. घोट्यावरची खाजही गेली.

या मुलीला तीन वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे. तेव्हा साधा ताप म्हणून निभावलं होतं. तो प्रकार पहिला होता, आताचा दुसरा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याला नीट आवरत नाहीत. क्यूबात १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, ती सौम्य गेली. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला, तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि १५८ दगावले. त्यांत बहुसंख्य मुलं होती. स्कॉट हालस्टेड यांनी आयुष्यभर मांडलेली गोष्ट हीच: जुनी, अर्धवट लागू पडणारी प्रतिपिंडं विषाणूला चिकटतात पण त्याला निकामी करत नाहीत, उलट त्याला पांढऱ्या पेशींच्या आत शिरायला मदत करतात. निकाराग्वातल्या मुलांच्या वर्षानुवर्षांच्या रक्तनमुन्यांवरून लिआ कॅट्झेलनिक, ईव्हा हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली याला भक्कम पुरावा दिला. प्रतिपिंडं भरपूर असली तर संरक्षण होतं, अजिबात नसली तर धोका कमी. मधल्या एका पट्ट्यात असली की गंभीर आजाराची शक्यता वाढते. ही मुलगी त्या पट्ट्यात आहे.

जी प्रतिपिंडं खरोखर कामाची आहेत त्यांनाही चकवायची वाट आहे. काही विषाणू पेशीतून बाहेर पडताना पेशीच्याच पटलाच्या पुटिकेत बसून निघतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा पुटिकांमधला विषाणू प्रतिपिंडांना दाद देत नव्हता आणि नव्या पेशींना लागण मात्र करत होता. वरून दिसतं ते आपलंच पेशीपटल. प्रतिपिंड पकडणार कशाला?

पुढचे चार दिवस काहीच घडताना दिसत नाही. मुलगी शाळेत जाते, सहामाहीच्या परीक्षेचा अभ्यास करते.

उणे १०२ तास. सोमवार, रात्री ११

थंडी वाजून ताप. १०३. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर मोडल्यासारखी. आई कपाळावर घड्या ठेवते.

हा ताप म्हणजे शरीराने उशिरा का होईना केलेला उठाव आहे. इंटरफेरॉन सुटलं आहे, शेजारच्या पेशी दारं लावून घेत आहेत. इथे पुटिकांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्या नुसत्या घरभेदी वाटतील. इंटरफेरॉन मिळालेल्या पेशी आयएफआयटीएम-३ नावाचं विषाणूरोधक प्रथिन एक्सोसोममध्ये भरून शेजाऱ्यांकडे पाठवतात आणि त्यामुळे त्या पेशींत डेंग्यूचा शिरकाव कमी होतो, असं २०१५ साली प्रयोगशाळेत दिसलं आहे. एकाच वाटेने दोन्ही बाजूंची रसद चालू आहे.

उणे ९१ तास. मंगळवार, सकाळी १०

फॅमिली डॉक्टर एनएस-१ची तपासणी आणि सीबीसी लिहून देतात. एनएस-१ पॉझिटिव्ह. प्लेटलेट १,७२,०००. हिमॅटोक्रिट ३६ टक्के, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग ३६ आणि उरलेला बहुतेक प्लाझ्मा. या ३६ कडे कुणी पाहत नाही. चार दिवसांनी याच आकड्यावर सगळं ठरणार आहे.

“फक्त पॅरासिटामॉल द्या ताई, दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी नको. पाणी, सरबत, पेज, जे घेईल ते देत राहा. आणि लघवीला किती वेळा जाते ते लिहून ठेवा.”

आई मान डोलावते. लिहून ठेवायचं राहून जातं.

एनएस-१ हे नुसतं निदानाचं प्रथिन नाही. लागण झालेल्या पेशी ते रक्तात सोडतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ते थेट इजा करतं, हे २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. तेव्हा पुटिका हे एकमेव कारण आहे असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण पुढचे दोन दिवस जे घडतं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

उणे ६० तास. बुधवार, संध्याकाळी ५

ताप कायम. मुलगी निपचित पडून आहे, मध्येच पाणी मागते. घरात सगळ्यांचं लक्ष थर्मामीटरवर, आणि खरी उलथापालथ चालली आहे प्लेटलेटमध्ये.

प्लेटलेट म्हणजे दोन-तीन मायक्रोमीटरची, केंद्रक नसलेली पेशी. खरं तर अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशीचा तुकडा. आयुष्य सात ते दहा दिवस. काम जखम बुजवण्याचं. पीटर वुल्फ यांनी १९६७ साली ब्रिटनमध्ये प्लाझ्मातले प्लेटलेटचे अतिसूक्ष्म कण वेगळे काढले, तेव्हा त्यांचं वर्णन प्लेटलेटची धूळ असं केलं होतं. रक्त गोठायला ते मदत करतात एवढं तेव्हाच कळलं होतं. पुढे पन्नास वर्षांनी त्याच कणांनी डेंग्यूच्या वॉर्डातलं कोडं उलगडायला मदत केली.

तैपेईच्या ॲकॅडेमिया सिनिकामध्ये शी-लियांग शे यांच्या गटाने २०१९ साली हा क्रम मांडला. डेंग्यूचा विषाणू प्लेटलेटवरच्या क्लेक-२ नावाच्या ग्राहीला चिकटतो. प्लेटलेट चेकाळते आणि पुटिका सोडू लागते, लहानही आणि मोठ्याही. या पुटिका न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींवरच्या दोन ग्राहींना जाऊन भिडतात: क्लेक-५ए आणि टीएलआर-२. त्या धक्क्याने न्यूट्रोफिल टोकाचा उपाय करतो. स्वतःचा डीएनए उलगडून, त्याला जहाल विकरं चिकटवून, जाळ्यासारखा बाहेर फेकतो. जिवाणू अडकवायला हे जाळं उत्तम. इथे जिवाणू नाहीत. जाळं रक्तवाहिनीच्या भिंतीवर पडतं आणि तिलाच जाळतं. भरीला मॅक्रोफेज दाहकारी रसायनं ओतत राहतात.

आता यातली मेख पाहा. पुटिका एकदा सुटल्या की पुढच्या साखळीला विषाणूची सतत हजेरी लागत नाही. विषाणू ठिणगी टाकतो आणि मागे सरतो. आग आपल्याच पेशी एकमेकींना पोचवतात. ताप उतरताना विषाणू ओसरत असूनही रुग्ण का खालावतो, याचा एक पटणारा खुलासा इथे मिळतो. शे यांच्या गटाने जनुकीय बदल केलेल्या उंदरांत क्लेक-५ए आणि टीएलआर-२ हे दोन्ही ग्राही एकाच वेळी रोखले, तेव्हा जगणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण त्याआधी २०१३ मध्ये रिओ द जानिरोत युजेनियो हॉट्झ आणि पॅट्रिसिया बोझ्झा यांच्या गटाने माणसांच्याच रक्तात याची चाहूल घेतली होती. डेंग्यूच्या रुग्णांच्या प्लेटलेट इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहकारी रसायनाने भरलेल्या पुटिका सोडत होत्या, त्या पुटिकांनी रक्तवाहिन्यांचं अस्तर पाझरू लागत होतं, आणि ज्या रुग्णांत गळतीची लक्षणं होती त्यांच्यात ही खूण ठळक होती.

उणे ४२ तास. गुरुवार, सकाळी ११

प्लेटलेट ९६,०००. घर हादरतं. “पेशी लाखाच्या खाली आल्या!” मामा पपईची पानं घेऊन येतात, मावशी किवी. सोसायटीच्या ग्रुपवर रक्तदात्यांचे नंबर जमू लागतात.

या माणसांची माया खोटी नाही. पण लक्ष चुकीच्या आकड्यावर खिळलं आहे आणि आपल्याकडे दर पावसाळ्यानंतर हजारो घरांत हेच होतं. डेंग्यूतला शॉक प्लेटलेट संपल्याने येत नाही, प्लाझ्मा रक्तवाहिन्यांतून झिरपून गेल्याने येतो. सिंगापूर आणि मलेशियात ज्यांच्या प्लेटलेट २०,००० किंवा त्याखाली गेल्या होत्या पण रक्तस्राव नव्हता, अशा ३७२ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव अनुक्रमे २१ आणि २६ टक्क्यांना झाला. फरक ठरावा इतका तो नव्हता. उलट चढवलेल्यांमध्ये दुष्परिणाम जास्त आढळले. ज्याला खरोखर मोठा रक्तस्राव होतो आहे त्याची गोष्ट वेगळी. नुसता आकडा घाबरवतो म्हणून पिशव्या लावण्याने हाती काही लागत नाही.

बँकॉकमधल्या सिरिराज रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तर चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. तांबड्या पेशींपासून सुटलेल्या पुटिका जितक्या जास्त तितका आजार गंभीर. आणि प्लेटलेटच्या पुटिका घटल्या की रक्तस्रावाकडे कल. म्हणजे कुठल्या पेशीची पुटिका, कधी आणि किती, यावर सगळं आलं. आजच्या सीबीसीत यातलं काहीच उमटत नाही.

उणे २४ तास. शुक्रवार, पहाटे ५

घाम फुटून ताप उतरतो. थर्मामीटर ९९ दाखवतो. आई देवापुढे दिवा लावते.

इथून पुढचे २४ ते ४८ तास डेंग्यूचा कसोटीचा काळ. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरण्याच्या सुमारास तो सुरू होतो. बहुतेकांचा तो सुखरूप जातो, हे आवर्जून सांगायला हवं. या मुलीचा जाणार नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या अंगाला साखर-प्रथिनांचं तलम अस्तर असतं. एनएस-१ने ते झिजवलं, न्यूट्रोफिलच्या जाळ्यांनी आणि दाहकारी रसायनांनी त्याखालच्या पेशींचे सांधे सैल केले. आता प्लाझ्मा बाहेर झिरपू लागतो: पोटाच्या पोकळीत, फुप्फुसांभोवती. तांबड्या पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. रक्त दाट होत जातं. चाळीस किलोच्या या मुलीत सगळं मिळून तीन लिटरच्या आसपास रक्त, त्यातला प्लाझ्मा दोन लिटरच्या आत. रोजच्या पाण्याच्या दोन बाटल्यांत मावेल एवढाच.

उणे २० तास. शुक्रवार, सकाळी ९

मुलगी उठून बसते, अर्धा कप चहा आणि एक टोस्ट घेते. बाबा चार दिवसांनी ऑफिसला जातात. आज पुन्हा रक्त तपासायचं ठरलं होतं. “ताप गेलाय ना, मग कशाला उगाच सुई?” असं आजी म्हणते आणि सगळ्यांना ते पटतं.

आज सकाळी सीबीसी केला असता तर हिमॅटोक्रिट ४० निघाला असता. ३६ वरून ४०. गळती सुरू झाल्याचा तो पहिला लेखी पुरावा ठरला असता, आणि मुलगी तेव्हाच दाखल झाली असती.

उणे १४ तास. शुक्रवार, दुपारी ३

पोटात दुखतं. उजव्या बरगडीखाली हात लावू देत नाही. यकृत सुजलं आहे. दोनदा उलटी होते, नारळपाणीही राहत नाही. पपईचा रस बाधला असेल असं म्हणून आई तो बंद करते.

पोटदुखी आणि थांबत नसलेल्या उलट्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या धोक्याच्या लक्षणांच्या यादीत या दोन्ही वरच्या आहेत. यातलं एक जरी दिसलं तरी दवाखाना गाठायचा, रात्र व्हायची वाट पाहायची नाही.

उणे ९ तास. शुक्रवार, रात्री ८

तिसरी उलटी. मुलगी कूस बदलत राहते, चिडचिड करते, दिवा बंद करा म्हणते. तळपाय गार आहेत म्हणून आजी मोजे चढवते. लघवीला ती दुपारी बारानंतर गेलेली नाही. हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण लिहून ठेवणं पहिल्याच दिवशी राहिलं.

गार पाय आणि थांबलेली लघवी, दोन्हींचं मूळ एक. रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी झालं की शरीर हातापायांकडे आणि मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आवरतं घेतं आणि मेंदू, हृदय यांच्याकडे वळवतं. मुलांचं शरीर हा तोल फार चिवटपणे सांभाळतं. म्हणूनच मुलं शेवटपर्यंत बोलत असतात, विचारलेल्याला उत्तरं देत असतात.

उणे ६ तास. शुक्रवार, रात्री ११

शांत झोपली. “झोपू दे, चार रात्रींची झोप राहिलीये तिची.”

ही झोप नाही, ग्लानी आहे.

उणे २ तास. शनिवार, पहाटे ३

पाणी पाजायला आई उठवते. मुलगी डोळे उघडते, ओळखते, पण मान धरत नाही. अंग घामाने चिकट आणि गार. नाकात रक्ताचा सुकलेला थेंब. बाबा खालच्या मजल्यावरच्यांची गाडी मागतात.

शून्य तास. शनिवार, पहाटे ५

कॅज्युअल्टी. रक्तदाब ९८/८२. घाईतल्या नजरेला हा आकडा बरा वाटतो; ९८ काही वाईट नाही. ड्यूटीवरची निवासी डॉक्टर दोन आकड्यांमधलं अंतर पाहते: १६. ते २० किंवा त्याच्या खाली आलं की तो शॉक, वरचा आकडा काहीही असो. आकुंचलेल्या वाहिन्यांनी खालचा आकडा वर ढकललेला असतो आणि हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त फेकत असतं, म्हणून हे दोन आकडे जवळ येतात. नाडी १३२, दोऱ्यासारखी बारीक.

ती मुलीच्या अंगठ्याचं नख दाबते. पांढरं पडतं. सोडते. गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. चार सेकंद लागतात.

हिमॅटोक्रिट ४५. ३६ च्या मानाने बरोबर पाव हिश्श्याने वाढलेला. प्लेटलेट ३१,०००.

“लघवीला शेवटची कधी गेली होती?” डॉक्टर विचारते. आई बाबांकडे पाहते, बाबा आजीकडे.

इथून आणखी काही तास गेले असते तर वरचा आकडाही कोसळला असता. मग रक्तात आम्ल साठतं, गोठण्याची यंत्रणा विस्कटते, आतड्यात रक्तस्राव सुरू होतो, आणि बारा ते चोवीस तासांत सगळं संपू शकतं. उपचार न मिळालेल्या गंभीर डेंग्यूत शंभरातले वीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात. वेळेत आणि नीट उपचार मिळाले तर एकाहूनही कमी.

अधिक १ तास. सकाळी ६

आणि तो उपचार म्हणजे काय? मीठपाणी. रिंगर लॅक्टेट, किलोमागे १० मिलिलिटर, म्हणजे तासाभरात ४०० मिलिलिटर. हो ची मिन्ह सिटीमध्ये ब्रिजेट विल्स आणि सहकाऱ्यांनी डेंग्यू शॉकमधल्या ५१२ मुलांवर वेगवेगळी द्रावणं तोलून पाहिली. २००५ साली निकाल आला की मध्यम शॉकमधल्या मुलांना हेच स्वस्त रिंगर लॅक्टेट पुरतं. आणि त्या ५१२ पैकी एकच मूल दगावलं. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. शॉकपर्यंत पोचलेली ५११ मुलं वाचली ती चोवीस तास उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हिमॅटोक्रिट आणि लघवी मोजणाऱ्या माणसांमुळे.

सहा वाजता रक्तदाब १०२/७४. अंतर २८. नख तीन सेकंदांत भरतं.

अधिक ३४ तास. रविवार, दुपारी ३

आता अगदी उलटा धोका. वाहिन्यांचे सांधे पुन्हा आवळले जात आहेत आणि बाहेर झिरपलेलं पाणी परत रक्तात येतं आहे. हिमॅटोक्रिट ३७. मुलीने दुपारपासून दोनदा भरपूर लघवी केली. सलाईन असंच चालू ठेवलं तर ते फुप्फुसांत उतरेल. डॉक्टर ते बंद करते. “अजून अशक्त दिसतेय हो, एक बाटली तरी चढवा,” असं मामा विनवतात. ती समजावून नाही म्हणते.

डेंग्यूवर खास विषाणूरोधक औषध अजून नाही. पुटिकांच्या अभ्यासातून दोन गोष्टींची आशा धरता येते. एक, उणे ६० तासांच्या सुमारास रक्तातल्या पुटिकांवरून पुढे कुणाला गळती होणार हे ओळखणारी तपासणी. दोन, पुटिका आणि न्यूट्रोफिल यांची गाठ पडू न देणारं औषध. दोन्ही अजून प्रयोगशाळेच्या आसपासच आहेत. पुटिकांचाच औषध म्हणून वापर करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. कोविडच्या काळात अमेरिकेत अस्थिमज्जेतल्या मूळपेशींच्या पुटिका १०२ गंभीर रुग्णांच्या चाचणीत वापरल्या गेल्या. सुरक्षिततेची मोठी अडचण आली नाही; जास्त मात्रेच्या गटात मृत्यू कमी झाल्याची खूण दिसली, पण सगळे रुग्ण धरून ती ठाम ठरली नाही. दुसरीकडे, डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण नेब्रास्कात मान्यता नसलेली ‘एक्सोसोम’ची उत्पादनं टोचून घेतलेले रुग्ण गंभीर आजारी पडले. आपल्या शहरांतही केसांसाठी, त्वचेसाठी एक्सोसोमच्या जाहिराती झळकतात. ज्या प्रकारच्या कणांनी एका मुलीला चार दिवसांत शॉकपर्यंत न्यायला हातभार लावला, ते कुठून काढले आणि त्यांत काय भरलं आहे हे विचारल्याशिवाय कुणी शरीरात घेऊ नयेत.

अधिक ५८ तास. सोमवार, दुपारी ३

तीन दिवस ताप नाही, प्लेटलेट ६८,००० आणि चढत्या. मुलगी भात मागून खाते. घरी सोडायचे कागद तयार होत असताना आई चाचरत सांगते, धाकट्याचं अंग कालपासून कढत आहे. एडिसची मादी एका बैठकीत दोन-तीन जणांनाही चावते.

डॉक्टर त्याचा सीबीसी आजच करायला लावते. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ताप कधी सुरू झाला ती तारीख आणि वेळ लिहिते. प्लेटलेटच्या शेजारी हिमॅटोक्रिटची जागा रिकामी सोडून तिच्याभोवती गोल करते, आणि खाली लघवीच्या वेळांसाठी रकाने आखते.

“ताप उतरेल त्या दिवशी सकाळी याला परत आणायचं,” ती सांगते. “बरा दिसला तरी आणायचं.”